सोबतीला माणूस

ऑपरेशन गुरुवारी होतं आणि डॉक्टरांची एकच अट होती: सोबतीला माणूस हवा. बायको नंदाबाई दोन वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही. तरी मी ताठ्यात सांगितलं, "माझी तेवीस पोरं नोकरीला आहेत." डॉक्टर म्हणाले, "मला एकच पुरे."

ही तेवीस पोरं मी कुरवंड्याच्या माझ्या गोठ्यात घडवली. देहूरोडच्या लष्करी डेपोत नोकरी करता करता म्हशी विकल्या आणि आढ्याला बॉक्सिंगची पंचिंग बॅग टांगली. नंदाबाई महिनाभर बोलली नाही. या तेवीसांच्याही आधी खेळाडूंच्या कोट्यातून पहिला नोकरीला लागला अतुल. त्याला घरची भारी ओढ. दर सुट्टीला यायचा, माझ्या ओट्यावर बसून रडायचा, आणि मीही मूर्खासारखा त्याला जवळ घ्यायचो. वर्षाच्या आत नोकरी सोडून परत आला.

तेव्हापासून नियम केला. नोकरी लागली की माझ्या दारात यायचं नाही. नुसत्या नियमानं भागेना, म्हणून परीक्षा घ्यायला लागलो. चार महिन्यांनी फोन करायचा आणि आवाज पाडून म्हणायचं, "लय आजारी हाय रं, येऊन जा." जो धावत आला त्याला दारातूनच शिव्या घालून हाकलायचो. सत्कारांत लोक हा किस्सा रंगवून सांगायचे आणि मी मिशीत हसायचो.

बबिताची परीक्षा मात्र कधी घेतली नाही. ठाकरवाडीची ही चिवट पोरगी आता नागपूरला पोलिसात आहे. ती आली असती तर तिला हाकलणं मला जमलं नसतं. लेकच मानायचो तिला, कधी बोललो नाही एवढंच.

बाकीच्यांना आता माझा आजार खरा वाटला नसता, म्हणून सोमवारी तिलाच फोन लावला.

"बबिता, माज्या छातीचं आपरेशन हाय. येतीस का?"

ती खळखळून हसली. "सर, किती वाट बघितली या फोनची! समद्यांना आला, मलाच न्हाई. म्हटलं, इसरले का काय मला."

"आगं, खरंच..."

"मी न्हाई फसायची! सहा वर्सं एकदा बी आले न्हाई. नंदामावशी गेल्या तवा बी न्हाई. बॅग भरली व्हती, सर. लय रडले, पर न्हाई आले. पास ना मी?"

नंदाबाईच्या दहाव्याला माझं एकही पोर आलं नव्हतं. "बघा, याला म्हणतात शिस्त," असं मीच गावाला ऐकवलं होतं. आत्ता बबिताला ओरडून सांगावंसं वाटलं की पोरी, मला भीती वाटते, ये. पण मग तिनं ती भरलेली बॅग कशासाठी रिकामी केली होती?

"पास," मी म्हणालो. "पयली आलीस."

मग डॉक्टरांना फोन केला आणि सांगितलं, गुरुवारचं राहू द्या, माणूस नाही.