दाराशी बसलेली वाळूची उशी

मित्रांनो, मी एक जुनी वाळूची उशी आहे. एका पत्राला उत्तर गेलं नाही, म्हणून माझा जन्म झाला. नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. पण सांगून बघते.

शाळेतल्या बाईंनी एका आजोबांना पत्र पाठवलं होतं. 'तुमची नात गलबला झाला की कान झाकून बाकाखाली जाते. घरी ती कशाने शांत होते, कृपया कळवा. महिनाअखेरीपर्यंत मार्ग निघाला नाही, तर मुख्याध्यापक तिला दुसऱ्या शाळेत घालायला सांगतील.'

आजोबांना उत्तर ठाऊक होतं. पुस्तकं बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. नात बिथरली की ते तिच्या मांडीवर जाडजूड शब्दकोश ठेवत, आणि ती हळूहळू निवळे. पण शिकलेल्या बाईंना असलं काही कसं लिहायचं? लिहिलं ते खोडलं, आणि पत्र राहिलंच. मग त्यांनी पुस्तकबांधणीच्या निळ्या कापडातून मला शिवलं, शब्दकोशाच्या वजनाइतकी धुतलेली वाळू भरली, दुहेरी टीप घातली आणि मला नातीच्या दप्तरात ठेवलं. सोबत चिठ्ठी मात्र नाही.

व्हायचं तेच झालं. नातीने मला दप्तरातून काढलं, तर वर्गाचं आपटणारं दार अडवायला आजोबांनी काहीतरी धाडलंय, असं बाईंना वाटलं. आठवडाभर मी इमानाने दार अडवलं. शाबासकीही मिळाली, पण मन रमेना.

एका दुपारी शेजारच्या वर्गात बाकं सरकवू लागले. नात बाकाखाली गेली. मग रांगत दाराशी आली आणि तिने मला मांडीवर ओढलं. दार धाडकन आपटलं. सगळे दचकले, ती तेवढी दोन्ही हात माझ्यावर दाबून मोठे श्वास घेत राहिली. थोड्या वेळाने आपणहून उठली आणि जागेवर जाऊन बसली.

बाई तिच्याजवळ वाकल्या. "ही तुझ्यासाठी होती? मग बोलली का नाहीस, बाळा?"

"दार माझ्यापेक्षा जास्त आपटत होतं. म्हटलं, आधी त्याला."

बाई हसल्या, पण ओशाळल्याही. मुख्याध्यापक म्हणाले, "एका दिवसावरून काय ठरवू? ती कशाने निवळते, ते घरून लेखी आणा." महिना संपायला चार दिवस होते.

पुढचं आधीच सांगते. नात त्याच शाळेत शिकली. मी अजून त्या वर्गात खालच्या फळीवर आहे. ज्याला हवी त्याने न विचारता घ्यावी, निवळल्यावर परत ठेवावी, एवढाच नियम. माझ्यावर तीन ठिगळं आहेत. निकाल लिहिताना बाईसुद्धा मला मांडीवर घेतात. किती मांड्यांनी मला जागा दिली! मित्रांनो, कुणी बाकाखाली गेलं तर हसू नका. काय हवंय ते विचारा. आणि तुम्हाला ठाऊक असलेली लहानशी गोष्टही सांगून टाका.

तर, त्या संध्याकाळी नातीने मला घरी नेलं. आजोबांनी पेन उघडलं आणि पुन्हा टोपण लावलं. नातीने मला त्यांच्या मांडीवर ठेवलं. ते जरा वेळ बसले. मग लिहू लागले. 'बाई, उशीर झाला, माफ करा. मांडीवर वजन ठेवलं की ती निवळते. का, ते मला कळत नाही. शब्दकोश पावणेदोन किलोचा आहे.'

"द्या, दप्तरात ठेवते."

"नको गं. सकाळपर्यंत मी ते फाडेन."

मग आम्ही तिघं कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी गेलो. आजोबा पाकीट फटीत धरून उभे राहिले.

"आजोबा, सोडा की आता."

त्यांनी सोडलं.