ह्याला मीठ म्हणत न्हाईत

मी रताळ्याचा एक काप बोलतोय. पातळ, कुरकुरीत, कडेला जरासा मोडलेला, आणि सध्या मायाक्काच्या पदराच्या गाठीत बांधलेला. कापाचं गाऱ्हाणं कोण ऐकणार म्हणा! पण माझ्या नावावर एका म्हातारीला फसवलं गेलंय, आणि आता गप्प बसणं मला जमत नाही.

मोहोळजवळ हरिबाच्या शेतात मी वाढलो. आमचं घराणं उपवासाचं, आणि याचा आम्हाला मातीखालीसुद्धा केवढा तोरा! नवरात्र तोंडावर आलं तसं हरिबानं वेल कापले, सरी उकरली. मला वाटलं, आता कुणाच्या तरी घरी उकडले जाऊ, देवीपुढच्या ताटात बसू. पण टेम्पो वळला तो चिंचोळी एमआयडीसीकडे.

तिथं मला सोललं, चिरलं, तेलातून काढलं. तेही मी सोसलं. खरा घात झाला तो पुढच्या फिरत्या पिंपात. बीट, गाजर आणि मी त्यात घुसळले जात होतो आणि वरून मीठ पडत होतं. तिथं कामाला असलेल्या दानेश्वरीनं एक काप तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं.

“सर, लई खारट झालंय की ओ.”

“असू दे. खारट असलं की माणूस दुसरा उचलतो,” सर म्हणाले आणि पुढे गेले.

मग झेंडूचं तोरण छापलेल्या पाकिटात मला भरलं. वर ठळक अक्षरं : ‘सणासाठी पौष्टिक भाज्यांचे काप. फक्त सैंधव.’ मीठ सैंधवच होतं, त्यात खोटं काही नव्हतं. ते किती होतं, एवढंच ठळक नव्हतं.

जुळे सोलापुरात राहणाऱ्या पूनमनं ते पाकीट घरी नेलं. मायाक्का तिची सासू. मूळची सांगोल्याकडची. मेंढरांमागं रानोमाळ हिंडत होती तेव्हाही तिनं नवरात्राचे उपवास कधी मोडले नाहीत. आता तिला बीपीचा त्रास होता. डॉक्टरांनी मीठ तोडलं होतं आणि बिनमिठाचा उपवास करायचा, या अटीवरच परवानगी दिली होती. पूनम रोज रताळं उकडून द्यायची. म्हातारी त्या अळणी खाण्याला विटली होती. बटाट्याच्या वेफर्सपेक्षा हे बरं, असं पूनमला वाटलं. तिच्या मनात काडीचंही पाप नव्हतं.

“मीठ हाय का गं ह्याला?” मायाक्कानं विचारलं.

“सैंधव आहे, आत्या. उपवासाचं.”

“मग ह्याला मीठ म्हणत न्हाईत,” म्हणत तिनं ताटली पुढं ओढली.

‘उपवासाचं’ म्हटलं की माणसांची शंकाच मिटते. देवीला चालतं ते अंगाला कसं बाधेल, असा सगळा हिशेब! मायाक्कानं बीट आणि गाजर बाजूला सारलं. “हे उपासाला चालत न्हाई. रताळं आपलं हाय.” आणि तिनं निवडून निवडून आम्हा रताळ्याच्या कापांनाच खाल्लं. त्या वेळी मला किती लाज वाटली, काय सांगू! मी तिचा होतो म्हणूनच तिचा घात करू शकत होतो.

सासू आवडीनं खातेय म्हटल्यावर पूनम खूश झाली आणि पाकिटं आणत राहिली. टीव्ही बघताना तोंडात टाकायला मायाक्का चार काप पदराला बांधून ठेवायची. त्याच गाठीत मी आलो.

नवमीच्या सकाळी घटावर माळ चढवताना ती भोवंडून खाली बसली. पूनम आणि तिचा नवरा माउली यांनी तिला रिक्षात घालून दवाखान्यात आणलं. बीपी फार वाढलं होतं.

“आजी, खारट काय खाल्लंत?” डॉक्टरांनी विचारलं.

“मिटाचा कण खाल्ला न्हाई. देवीची आण.”

पूनमचा चेहरा उतरला. “डॉक्टर, फक्त सैंधवाचे काप खाल्ले त्यांनी.”

“अहो, सैंधव म्हणजे मीठच की!”

मायाक्का सुनेकडे वळली. “देवीची आण खोटी पाडलीस माजी,” ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तिला दवाखान्यातच ठेवून घेतलंय. काहीतरी खाऊन गोळ्या घ्यायच्या आहेत. पूनम घरी जाऊन डबा घेऊन आली. डब्यात उकडलेलं रताळं आहे, अजून गरम. तिनं घास पुढं केला तर मायाक्कानं तोंड फिरवलं.

“ह्याच्यावर बी काय टाकलं असशील.”

“काही नाही हो आत्या. नुसतं उकडलंय.”

“तुजं ऐकूनच हितं पडले की मी.”

पूनमचा हात तसाच थांबलाय. गोळ्या बाजूला पडून आहेत. गाठीत दबलेला मी जीव तोडून ओरडतोय, पण कापाचा आवाज कुणाला ऐकू येतो? मायाक्का, माझ्यावर रूस. ही गाठ सोड आणि मला कचऱ्यात टाक. पण डब्यातलं ते खा गं, आणि गोळ्या घे. त्याला कुणी काही लावलेलं नाही. ते नुसतं रताळं आहे.