टेम्पो ओढून पाहिलेला दोर

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास मुंब्र्याच्या डोंगरावर दीपेशचा पाय सुटला. दोराने त्याला हवेतच धरले. कोपर खरचटले, बाकी काही नाही. दोर मात्र कातळाच्या धारेवर जोरात घासला गेला होता.

कामतघरच्या त्यांच्या गिर्यारोहण मंडळाचे सामान दीपेशची थोरली बहीण रंजिता सांभाळायची. झटका बसलेला दोर बोटांनी चाचपून तपासायचा, शंका आली तर टाकून द्यायचा, हे ती शिबिरात शिकली होती. अध्यक्ष प्रितेश काहीच शिकला नव्हता. त्याच्या बापाचा, बाळारामशेठचा, कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना होता आणि दोर त्यांनीच घेऊन दिला होता. अध्यक्ष व्हायला तेवढे पुरले.

दोर प्रितेशने कारखान्यात नेऊन ठेवला होता. त्याच आठवड्यात, दसऱ्याच्या दिवशी, रंजिता तो तपासायला तिथे पोचली, तेव्हा लूमना झेंडूच्या माळा होत्या. दोरालाही होती. वर हळदकुंकू.

"तपासला आमी," प्रितेश म्हणाला. "धामणकर नाक्यावर टेम्पो बंद पडलेला, भरलेला. ह्याच दोरानं इथवर खेचत आणला. तुटला काय? न्हाय!"

"उरलासुरला जीव होता तोही काढलास की! डोकंही टेम्पोलाच बांधून आलास का?"

"ताय, त्यानं माला वाचवला हाय," प्रितेशच्या बाजूला उभा दीपेश म्हणाला. "या रविवारी मी त्याच्यावरच उतरनार. सगल्यांना तोच पायजे."

रंजिताने माळ काढून फेकली आणि दोर मुठीतून सरकवत नेला. मधे एके ठिकाणी बोट आत रुतले. तिथे दोर वाकवला तर गोल वळेना, भिजल्या वातीसारखा दुमडला. वरचे कवच धड होते, आतले तंतू गेले होते.

"हात लावून बघ."

"मऊ पडलाय," प्रितेश हसला. "वापरला की कापडबी मऊ पडतं. तुला काय कलतं कापडातलं?"

तिने टेबलावरची कापडाची कात्री उचलली आणि त्याच जागी दोर कापला. दोन्ही तुकडे त्याच्या पायाशी टाकले.

"घे. आता कर पूजा."

तुकडे घरी न्यावेत असे तिच्या मनातही आले नाही. दोन तुकडे पाहून गाढवालाही कळेल, असे तिला वाटले. गाढवांविषयी तिचा अंदाज चुकला.

रविवारी सकाळी दीपेशचे अंथरूण रिकामे होते. तिने मोबाइल लावला.

"कशेळीला ट्राफिकमधी हाव, ताय. चिंता करू नको. चिंधूमामानं गाठ मारून दिलीय."

"कोण चिंधूमामा?"

"आपल्या लूमवरचा गो! सगली हयात तुटलेले धागे जोडन्यात गेली त्याची. बाळारामशेठ बोलले, तुटला तर जोडायचा, त्याच्यावरच तर आपला धंदा चाललाय."

"दीपेश, गाडीतून खाली उतर. आत्ता."

मागून प्रितेशचा आवाज आला, "सांग तिला, गाठ मारल्यावर परत टेम्पो खेचून बघितलाय!" गाडीभर हशा पिकला. दीपेशही हसला असावा. फोन कट झाला.

रंजिता रिक्षाने कशेळीला पोचली. पुलावर कंटेनरांची रांग होती, मंडळाची जीप पुढे निघून गेली होती. दोरावरून उतरायची वेळ होऊन गेली, तरी अकरा वाजेपर्यंत दीपेशचा मोबाइल लागलेला नव्हता.