कानसेनाचा कौल

पडद्यावर काहीच नव्हतं. काळोख, आणि काळोखात चालणारं कुणीतरी. एवढ्याच भांडवलावर त्या गेम कंपनीनं लोकांना वेड लावलं होतं. येणारा गेम रोल प्लेइंग आहे, म्हणजे आपण त्यातलं एक माणूस व्हायचं आणि त्याच्या पायांनी त्याचं जग हिंडायचं, इतकंच कंपनीनं सांगितलं होतं. नाव नाही, गाव नाही, चेहरा नाही. जाहिरातीत नुसती पावलं. एक जड, एक हलकं, मध्ये जराशी फरपट, मग थबकणं; जणू वाटेला विचारून मगच पुढचं पाऊल टाकायचं. पुन्हा जड, पुन्हा हलकं.

या पावलांवर चाहत्यांनी मजल्यावर मजले चढवले. कुणी म्हणे, राज्य हरलेला राजा आहे. कुणी म्हणे, राखेतून उठलेलं भूत आहे. फोनवरच्या त्यांच्या चावडीवर दिवसरात्र हाच काथ्याकूट, आणि वाद हातघाईवर आला की शेवटचा कौल दादाचा.

दादा दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायचा. मेण कोरायचं, साचे ओतायचे, आणि वरचा जबडा खालच्यावर टेकवून नुसत्या टक् आवाजावरून सांगायचं, की बसली की डुगडुगते. असा कान. म्हणून चावडीवर त्याला सगळे कानसेन म्हणत, आणि तोही ते नाव अंगावर शेल्यासारखं मिरवी. त्याचा कौल होता, की चालणारं माणूस नव्हे, जनावर आहे. चार पायांचं, त्यातला एक अधू.

त्याची धाकटी बहीण, घरातली चिमणी, हे सगळं ऐकायची आणि गप्प राहायची. तिलाच ठाऊक होतं, ते जनावर नव्हतं. ते पाय तिचे होते.

चिमणी एका ध्वनीच्या स्टुडिओत काम करायची. भिंतींना जाड गाद्या, जमिनीवर लाकडी खोके: एकात वाळू, एकात खडी, एकात वाळका पाला, एकात ओलं पोतं. मांडणीवर दुनियेभरच्या चपला-बूट. पडद्यावरचं माणूस चाललं की त्याच्या पावलाला पाऊल मिळवून तिनं खोक्यात चालायचं, आणि आवाज भरायचा. घरी तिनं सांगितलं होतं, "जाहिरातींना आवाज देते." ते खोटं नव्हतं. कुठल्या गेमचं काम चाललंय हे बाहेर फुटलं तर नोकरी जाणार, आणि या धंद्यात पुन्हा कुणी उभं करणार नाही, असं सही करतानाच बजावलं होतं.

त्या पावलांच्या वेळी दिग्दर्शक म्हणाला होता, "हिला लांब जायचंय, पण घाई नाही. दुखतंय, पण सांगायचं नाही." चिमणीनं कापडी सपाता घातल्या, वाळूच्या खोक्यात उभी राहिली, डोळे मिटले आणि चालली. पहिल्याच फेरीत काम झालं.  ही चाल आपल्या पायांत कुठून आली, हे तिच्या मनातही आलं नाही. माशाला पाणी दिसतं थोडंच.

रविवारी दुपारी चावडीवरचे मास्तर आणि चष्मेवाली घरी आले. मास्तर भूगोल शिकवून निवृत्त झालेले. चष्मेवाली चष्म्यांच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायची. स्पीकर मध्ये, तिघं भोवती, आणि कोपऱ्यात चिमणी मटार सोलत बसलेली.

"राख आहे पायाखाली," मास्तर म्हणाले.

"वाळू," दादा म्हणाला. "राख अशी करकरत नाही. मास्तर, तुमचे वाळवंटांवरचे धडे फुकट गेले."

"मला तर बाई वाटते ही," चष्मेवाली म्हणाली. "वयानं मोठी. गुडघा दुखतोय तिचा, आणि हातात काहीतरी सांडणारं आहे."

"हातातलं पण ऐकू येतं तुला?"

"पाय सांगतात की. भरला पेला घेऊन माणूस असंच चालतं."

"जनावराला पेला कोण देणार," दादा हसला. मग गंभीर झाला. "काही असो. पण ज्यानं कुणी ही पावलं भरलीत ना, त्याला माझा दंडवत. डोळे मिटले की दिसतं सगळं. उजेड दिसतो, वारा दिसतो. इतका जीव पावलात ओतलाय, की ऐकताना आपण दार उघडायला उठावं."

चिमणीच्या हातातल्या शेंगेतले दाणे वाटीत पडायचे ते मांडीवर पडले. कानाच्या पाळ्या तापल्या. बाहेरच्यांचं कौतुक दादा फार करायचा. तिचं केलेलं तिनं आजवर ऐकलं नव्हतं.

"पुन्हा लावा," मास्तर म्हणाले.

पुन्हा पावलं आली. जड, हलकं, फरपट, थबक. संपली. दादानं स्पीकर बंद केला.

आणि पावलं चालूच राहिली.

जड, हलकं. फरपट. थबक.

तिघांनी स्पीकरकडे पाहिलं, मग एकमेकांकडे, मग दाराकडे. स्वयंपाकघराकडून आई चहाचा ट्रे घेऊन येत होती. पायात सपाता, गेल्या वर्षी घसरल्यापासून कुरकुरणारा उजवा गुडघा, आणि हातात काठोकाठ भरलेले चार कप. एकेक पाऊल ती असं टाकत होती, की लेकीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रोज सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकलेली ती पावलं. तीच तर आपण त्या वाळूत चाललो.

"काय झालं?" आई म्हणाली. "भूत बघितल्यासारखे काय बसलात? साखर सगळ्यांना सारखीच घातलीय."

"आई," मास्तर हळूच म्हणाले, "जरा परत चालून दाखवता?" त्यांनी फोन बाहेर काढला होता. "ही चाल भरून घेतो. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून चावडीवर टाकू. लोकांना ऐकू दे."

चिमणीच्या हातातली शेंग तशीच राहिली. चावडीवरचं कुणी एक जरी म्हणालं, की कानसेनाच्या घरातली चाल, आणि त्याच घरातली मुलगी आवाज भरते, तर झालंच.

दादानं बहिणीकडे पाहिलं. आधी तिच्या चेहऱ्याकडे, मग मांडीवर सांडलेल्या दाण्यांकडे, मग तिच्या पायांकडे. तिथंच त्याची नजर थांबली.

आईनं मात्र ट्रे ठेवला, केस सारखे केले, पाठ ताठ केली आणि फोटो काढायला उभं राहावं तशी टकटक चालत दारापर्यंत गेली. गुडघा दुखतो याचा मागमूस नाही.

"अहो, असं नाही, मघासारखं चाला."

"मघाशी मी चालत नव्हते, चहा आणत होते," आई म्हणाली. "चार लोकांत काय लंगडत चालू?"

मास्तरांनी भरलेलं ऐकवलं. जुळेना. तरी चष्मेवाली हटली नाही. "हे सोडा. मघाशी ऐकलं ते तेच होतं. कानसेन, तू सांग. तू म्हणशील ते."

 दादानं डोळे मिटले. कुणाला वाटलं असतं तो आठवून ताडून बघतोय. त्याला ताडायला काही उरलं नव्हतं. 

"नाही जुळत," तो म्हणाला. "आईचा भार टाचेवर असतो. त्याचा पुढे आहे. जनावरच आहे ते."

"नक्की?"

"माझा कौल सांगितला. चहा घ्या, गार होतोय."

मास्तरांनी फोन खिशात घातला. चष्मेवालीनं चहा घेतला, पण शेवटच्या घोटापर्यंत ती दाराकडेच बघत होती.

पाहुणे गेल्यावर चिमणी ओट्याशी दादाजवळ जाऊन उभी राहिली. "दादा, मी..."

"एक अक्षर बोलू नकोस." त्यानं ओला हात वर केला. "तू काही सांगितलं नाहीस, मी काही ऐकलं नाही. गेममधली ती कुठून आली, कुठं निघाली, मला काही कळायला नको. मला तिच्याबरोबर चालत जायचंय शेवटपर्यंत." मग कप विसळत, पाण्याकडे बघत म्हणाला, "एवढं मात्र सांगतो. मघाशी दंडवत घातला, तो परत घेत नाही. लहान बहिणीला घालत नसतात, तरी."

दुसऱ्या दिवशी दादानं चावडीवर लिहिलं, की यापुढे शेवटचा कौल चष्मेवालीचा. कारण दिलं नाही. लोकांनी खूप विचारलं. काही म्हणाले, कानसेन म्हातारा झाला. काही म्हणाले, जनावर अंगाशी आलं.

"का सोडलंस?" चिमणीनं विचारलं.  "माझ्यामुळं तुझं नाव..."

"एक कवळी जाणूनबुजून वाकडी बसवली, की दुसऱ्याला तोंड उघड म्हणायचं धाडस होत नाही," तो म्हणाला. "खोटं बोललो त्याचं वाईट वाटत नाही. पण तिथं बसून पुन्हा खरं-खोटं सांगायचं? ते नाही जमायचं."

संध्याकाळी चष्मेवालीचा पहिला कौल आला. तिनं लिहिलं होतं: बाई आहे. वय झालेली. तिच्या चालीत दुखणं आहे, पण तक्रार नाही. आणि जिनं ही पावलं टाकलीत, तिनं असं कुणीतरी फार जवळून ऐकलेलं आहे.

दादानं ते दोनदा वाचलं, चिमणीलाही दाखवलं.

"कान चांगला आहे पोरीचा," तो म्हणाला. मग खुर्ची पुढे ओढली, बोटं मोडली आणि चार पायांच्या जनावराच्या बाजूनं तिच्याविरुद्ध भांडायला बसला.