पडद्यापलीकडचा आवाज

तिने शिलाई मशीनचं चाक हाताने थांबवलं आणि कान दिला. पडद्यामागून तो आवाज आला. दातातून हवा आत ओढल्यासारखा, बारीक. थोडं थांबून पुन्हा एकदा.

"आलात?" ती हळूच म्हणाली. "त्या बँकेतल्या बाई आज कोट परत घेऊन आल्या. म्हणे, धुतल्यावर आटला. कोट कसला आटतोय, बाईच आडव्या वाढल्यात."

आणि तिने पुन्हा पायडल मारलं.

नवरा गेल्यानंतर कितीतरी दिवस घर मुकं झालं होतं. मग एका संध्याकाळी हा आवाज आला आणि तिच्या अंगावर काटा उभा राहिला. ही त्याचीच सवय. मागची दाढ किडलेली, दिवसभर ती चोखत बसायचा. दाताच्या डॉक्टरकडे चला म्हटलं की हसण्यावारी न्यायचा, दात दुखून कुणी मेलंय का, असं उलट विचारायचा. लवंग दाबायचा, गोळी घ्यायचा आणि कामाला लागायचा. मग ताप येऊ लागला. जायचा, पुन्हा यायचा. दवाखान्यात नेलं तोवर फार उशीर झाला होता. दाढेतले जंतू रक्तातून हृदयात गेले आणि लहानपणापासून अधू असलेल्या झडपेवर त्यांनी घर केलं, असं मोठ्या डॉक्टरांनी तिला बसवून समजावलं होतं. तिला कळलं, पण पटलं नाही. एवढ्याशा दाढेपायी असा धडधाकट माणूस जातो?

आवाजाची भीती वाटायचीच, पण तो आला नाही तर संध्याकाळ सरता सरायची नाही. पडदा सारून बघण्याचं धाडस तिने कधी केलं नाही. पलीकडे स्वयंपाकघर होतं, चष्म्यांच्या दुकानातून दमून आलेली मुलगी तिथे चहा टाकत असायची. तुलाही ऐकू येतं का, हे तिला विचारावंसं वाटे. पण ती नाही म्हणाली तर?

एके दिवशी मुलगी दुपारीच घरी आली. अंग मोडून आलंय म्हणाली आणि आडवी झाली. कपाळ चांगलंच तापलं होतं. आईने गार दूध आणून उशाशी बसत पेला तिच्या हातात दिला. मुलीने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि दातातून हवा आत ओढली.

आई तिच्याकडे बघतच राहिली.

"आ कर," ती म्हणाली.

"काही नाही गं, जरा..."

"आ कर म्हटलं ना."

मोबाइलच्या उजेडात दिसलं. शेवटच्या दाढेला काळं भोक, भोवतीची हिरडी टरारून सुजलेली. कधीपासून दुखतंय, असं आईने विचारलं. मुलगी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली आणि मग म्हणाली,

"बाबा गेल्यापासून तू बोलणंच टाकलं होतंस. माझी दाढ दुखायला लागली, तशी तू बोलायला लागलीस. मला वाटलं, असू दे थोडे दिवस."

आई उठली. तिने मुलीच्या चपला पलंगाशी आणून ठेवल्या आणि तिला दंडाला धरून उठवलं.

दाताच्या डॉक्टरीणबाईंना तिने दारातच सगळं सांगितलं, नवऱ्याचंसुद्धा. बाईंनी पू काढला. दाढ वाचण्यासारखी राहिली नव्हती, ती उपटली. औषधं दिली आणि लगेच मुलीचं हृदयही तपासून घ्यायला लावलं. ते ठणठणीत निघालं. तोंडातलं दुखणं तोंडातच राहील अशा भरवशावर बसू नका, एवढंच बाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी आई मशीनवर बसली. शिवता शिवता सवयीने तिच्या तोंडून "आज ना..." असं निघून गेलं आणि ती थबकली. पलीकडे भांड्याला भांडं लागलं, बाकी काही नाही. तिने थोडा वेळ वाट बघितली.

मग काज करायला घेतलेला सदरा, सुईदोऱ्यासकट, उचलून ती आत गेली. मुलगी सुजल्या गालाला हात लावून ओट्याशी उभी होती. तोंडात कापसाचा बोळा असल्याने तिला बोलता येत नव्हतं. आई स्टुलावर बसली.

"आज ना," ती म्हणाली, "एक नवराबायको आले होते, एकाच मापाची पँट दोघांना हवी म्हणून."

प्रत्येक वाक्यानंतर ती जराशी थांबत होती, आणि कुणीच काही म्हणालं नाही की पुढचं सांगत होती.