शिवराजचे वडील

ती गेल्याचं मला भूमच्या आठवडी बाजारात कळलं. सकाळी आम्ही दोघं गावातून बरोबरच निघालो होतो. स्टँडवर तिला धाराशिवच्या एसटीत बसवलं आणि मी घोंगड्यांचा गठ्ठा घेऊन बाजारात गेलो. माझ्या भावाची मुलगी दीपाली धाराशिवला एका कॉम्प्युटरच्या दुकानात काम करते. तिच्याकडून एक फॉर्म भरून घ्यायचा आणि दुपारच्या गाडीनं परत यायचं, एवढंच काम होतं.

साडेबाराच्या सुमारास फोन वाजला. तिचाच नंबर होता. समोर गिऱ्हाईक घोंगडी उलटीपालटी करून बघत होतं. मी फोन कापला. परत वाजला, परत कापला. शेजारी दोरखंड विकणारा सिद्धाराम हसला.

"बायकूचा फोन दोनदा कापला व्हय? आज भाकरी न्हाय तुला, बिरू."

"गाडी चुकली असंल तिची," मी म्हणालो.

तिसऱ्यांदा उचलला. पुरुषाचा आवाज होता.

"शिवराजचे वडील का?"

"व्हय. तुम्ही कोण?"

"मी धाराशिव स्टँडवरनं बोलतोय, कंडक्टर आहे. या फोनमध्ये तुमचा नंबर असाच लिहिलाय. बाई बाकावर बसल्या होत्या. तुम्ही या. कुणाला तरी संगं घेऊन या."

कुणाला तरी घेऊन या म्हणाले, तेव्हा मला कळलं. गिऱ्हाईक म्हणालं, शेवटचं बोला. मी शेवटचं बोललो. पैसे घेतले, घोंगडीची घडी घालून दिली. मग सिद्धारामला म्हणालो, गठ्ठ्याकडं बघ.

शिवराज आमचा मुलगा. पुण्याला नोकरीत आहे. तो आला, सगळं त्यानंच केलं आणि चौदाव्या दिवशी परत गेला. माझ्यासंगं चला म्हणत होता. मी म्हणालो, मागावर अर्धी घोंगडी आहे.

आमच्या घरात लोकरीचं सूत ती काढायची आणि विणायचो मी. तीन वर्षांपूर्वी दीपालीनं तिला घोंगड्यांची वेबसाइट काढून दिली. ही सांगायची, ती लिहायची. मी ती कधी वाचली नाही. घोंगडी हात लावून घ्यायची वस्तू, फोटोत काय कळणार, असं मला वाटायचं. महिन्याला एखादा फोन यायचा. नेटवर शोधलं की मशीनची ब्लँकेटं घोंगडी म्हणून विकणारे वर दिसायचे, आमची कुठंतरी खाली.

मग दीपालीनं तिला एका यादीचं सांगितलं. त्या यादीत मराठी वेबसाइट विषयवार लावलेल्या असतात. त्या यंत्र लावत नाही, माणसं लावतात. संपादक म्हणून काही लोक फुकट हे काम करतात. आलेली प्रत्येक वेबसाइट उघडून वाचतात आणि खरी वाटली तरच घेतात.

"माणूस वाचतोय?" तिनं विचारलं होतं.

"हो काकी. सगळी पानं."

"मग दाखवू माणसाला. त्याला कळंल."

पहिल्या वेळी तिनं फॉर्मात 'महाराष्ट्रात एक नंबर घोंगडी' असं लिहायला लावलं. फॉर्म परत आला. संपादकानं कळवलं होतं, स्तुती नको, जे आहे ते पंचवीस शब्दांत लिहा. त्यानंतर आठवडाभर ती सूत काढता काढता बोटांवर शब्द मोजत होती.

"एक नंबर काढला तर राहतंय काय?" मी चिडवलं.

"खरं राहतंय," ती म्हणाली. "तुमच्यासारखं न्हाय, गिऱ्हाईक बघून भाव."

तेच पंचवीस शब्द घेऊन ती त्या दिवशी धाराशिवला गेली होती. अकराला फॉर्म गेला. काकींनी चहासुद्धा घेतला नाही, गाडी चुकंल म्हणाल्या, असं दीपालीनं मला नंतर सांगितलं. दोनदा सांगितलं.

तिचा फोन मी चार्ज करून मागाजवळच्या खुंटीला पिशवीत अडकवून ठेवतो. वेबसाइटवर तोच नंबर आहे. ती गेल्यावर बाविसाव्या दिवशी तो वाजला.

"गजराबाई देवकते आहेत का? मी शांतलिंग बोलतोय, यादीचा संपादक. शाळेत शिक्षक होतो. निवृत्त झाल्यापासून हेच करतो."

"न्हायत," मी म्हणालो.

"कधी येतील?"

"संध्याकाळी."

का म्हणालो ते सांगता येत नाही. ती मेंढरांकडं गेली की संध्याकाळीच यायची. कुणी विचारलं की मी इतकी वर्षं तेच सांगत होतो.

"बरं बरं, घाई नाही. नंबर चालू आहे ना, तेवढं बघायचं होतं. त्यांना सांगा, वर्णन फार चांगलं लिहिलंय. मी एक शब्द बदललेला नाही. एकच अडचण आहे, ती मेलवर लिहितो."

"सांगतो," मी म्हणालो आणि फोन पिशवीत ठेवला.

रविवारी दीपाली घरी आली. मोबाइलवर तिनं मेल वाचून दाखवला. अर्जावर आपलं नाव आहे, पण संपूर्ण वेबसाइटवर एकाही माणसाचं नाव नाही. या कामाला जबाबदार असलेल्या आणि फोनवर भेटू शकणाऱ्या व्यक्तीचं पूर्ण नाव वेबसाइटवर द्यावं. तीस दिवसांत दिलं नाही तर अर्ज रद्द होईल.

मी म्हणालो, वेबसाइट दाखव. तिनं एकेक पान काढलं. मालक, शिवराजचे वडील. विणकर, शिवराजचे वडील. संपर्क, शिवराजचे वडील. माझा मागावर बसलेला फोटो होता. खाली तेच.

तिनं माझं नाव कधी घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. रेशनच्या दुकानात विचारलं तर शेजारणीला सांगायला लावायची. पण लिहितानाही घेतलं नव्हतं, हे मला माहीत नव्हतं.

"मी म्हटलं होतं, काकी, असं चालत न्हाय," दीपाली म्हणाली. "तर म्हणाल्या, वाचणारा परका असतोय, त्याच्यापुढं तर मुळीच न्हाय."

"मग तिचं स्वतःचं का न्हाय टाकलं?"

"म्हणाल्या, विणली ज्यानं, त्याची घोंगडी. माझं कशाला?"

मग मी तिला ते वर्णन वाचायला सांगितलं. मेंढीच्या लोकरीची घोंगडी. सूत घरी हातानं कातलेलं. हातमागावर विणलेली. काळी, पांढरी, पट्ट्याची. खळ चिंचोक्याची. पहिल्यांदा अंगाला टोचते, वापरून मऊ होते. घरून विक्री. आधी फोन करावा.

मी मोजले. पंचवीस भरले.

टोचते, असं कुणी आपल्या मालाबद्दल लिहितं का? मी बाजारात कधीच सांगितलं नसतं.

"तात्या, तुमचं नाव टाकते," दीपाली म्हणाली. "दोन मिनटाचं काम हाय."

"थांब."

"मग काकींचं टाकू?"

"टाक."

"आणि सरांचा परत फोन आला तर काय सांगणार? संध्याकाळी येतील म्हणून?"

तिला हे मीच सांगितलं होतं. ती पदराला डोळे पुसायला लागली. मग म्हणाली, "सर भले वाटतात. त्यांना खरं सांगा, मग तेच सांगतील कुणाचं नाव टाकायचं ते. मी बोलू का?"

"न्हाय. मी बोलतो."

शिवराजला दीपालीनं कळवलं होतं. गावाला तिला घेऊन गाडी आल्यावर कळलं. बाजारात सिद्धारामनं सांगितलं. ती गेली, हे मी स्वतः तोंडानं अजून कुणालाच सांगितलेलं नाही. लिहिलंय तेही इथंच पहिल्यांदा.

मागावरची घोंगडी पुरी झाली. तिनं काढलेलं सूत आणखी एका घोंगडीला पुरेल. रोज सकाळी फोन पिशवीतून काढतो. सरांचा नंबर वरच दिसतो. मग फोन परत ठेवतो आणि मागावर बसतो.

तीस दिवसांतले चार उरलेत. वेबसाइटवर नावाची जागा मोकळी आहे. शांतलिंग सरांना फोन करायचा राहिला आहे.