उजवीकडची कटोरी

परतवाड्याच्या बसच्या टपावरून ती चौकट उतरली, तेव्हा बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरांत सगळे हसले होते. ना चाकं, ना हॅण्डल, आणि म्हणे इटलीची सायकल! मायदेशी परतणाऱ्या एका इटालियन पाद्र्यानं ती शालूच्या नवऱ्याला, गोवर्धनला, देऊन टाकली होती. हातानं घडवलेलं पोलाद. शालूनं दोन बोटांवर उचलून पाहिलं. "अहो, इतकी हलकी? ही माणसाला पेलेल?"

चाकं अकोल्याहून आली. अडलं ते पायडलच्या दांड्यापाशी. तो ज्या नळीतून जातो, तिच्या दोन्ही तोंडांना आट्यांवर बसणाऱ्या कटोऱ्या ग्रीससाठी काढायच्या होत्या; त्यांपैकी डावी निघाली. उजवी गंजून बसलेली. रामराव मिस्त्री पान्यावर पाय देऊन जोर लावत होता.

"तुटली तर दुसरी मिळेल?" कडेवरच्या बाळाला थोपटत शालूनं विचारलं.

"हे मापच आपल्याकडचं नाही. नळीतले आटे गेले का चौकट भंगारात."

शालूची नजर पान्यावरच होती; नेहमीच्या आवळायच्या दिशेनंच तो दाबला जात होता. "रामरावजी, तुमी आवळून तर नाही राहिले?"

"वहिनी, उजवीकडचे आटे उलटेच रायतात, याच बाजूनं सुटतात. हरेक सायकलचे."

"आपल्याकडच्या. हिचे?"

"हिले काय शिंगं हायेत?"

गोवर्धन हसला. "शालू, बाळाला झोपव जा."

शालूनं बाळ त्याच्याच मांडीवर ठेवलं. घरातून हातआरसा आणून नळीत ऊन सोडलं आणि डाव्या भोकाला डोळा लावला. इकडचे आटे, पलीकडे कटोरीलगतचे उघडे आटे. पुन्हा पाहिलं. दोन्ही एकाच बाजूला कललेले!

"उलटे नाहीत हो. बघा तुमीच."

रामराव बराच वेळ वाकून राहिला. "च्या मायले! मी तं आवळूनच राह्यलो होतो." त्यानं रॉकेल सोडलं, पाना फिरवून लावला. कटोरी जागची हलेना. आतले आटे आधीच गेले असले तर? तेवढ्यात कुर्र झालं आणि कटोरी सुटली.

आटे शाबूत होते. कटोरी घासून, ग्रीस भरून रामराव परत बसवायला वाकला आणि थबकला. जुन्या सवयीनं मनगट भलतीकडेच वळत होतं.

"तुमीच लावा, वहिनी. माह्या हाताचा भरवसा नाही."

"लावू?" तिनं गोवर्धनकडे पाहिलं. तो बाळाच्या मुठीतून मिशी सोडवत होता.

तिनं पदर खोचला. कटोरी टेकवली, हलकेच फिरवली. कुठंही न अडता ती आत शिरली, तशी शालूनं आणखी एक फेरा दिला.